काळीत घर बांधण्याआधी

घराचा नकाशा काढून घ्यायला माझ्यासमोर बसलेला माणूस बहुतेक वेळा आधी मोबाइल पुढे करतो. त्यात घरांचे फोटो असतात. उतरतं कौलारू छप्पर, पुढे झोपाळा, मागे परडं, खिडकीतून दिसणारा ऊस. ते फोटो मी मनापासून बघते, कारण त्यामागे वीस-वीस वर्षांची साठवण असते. पण माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सातबारा आणलाय का?

मार्चमध्ये एक जोडपं आलं होतं. दोघंही नोकरदार, कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यात अडीच गुंठे घेतलेले. ताई म्हणाल्या, "मॅडम, स्वयंपाकघर पूर्वेला पाहिजे, बाकी तुम्ही म्हणाल तसं." मी सातबारा उघडला. क्षेत्र अडतीस गुंठे, अकरा नावं, इतर हक्कात विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा. यातले तुमचे अडीच गुंठे कुठले, असं विचारल्यावर भाऊंनी मोबाइलमधला फोटो मोठा करून दाखवला, "हे काय, त्या नारळाच्या पलीकडचे." नारळ जागेवर होता, कोपऱ्यात चार दगडही रोवलेले होते. पण सातबाऱ्यावर ना नारळ असतो ना दगड. कागदाच्या हिशोबानं त्यांचा हिस्सा त्या अडतीस गुंठ्यांत कुठेही असू शकत होता.

अशी माणसं मला दर महिन्याला भेटतात आणि ती अडाणी नसतात. शेतजमिनीवर घर बांधण्याचे नियम एका जागी लिहिलेले नाहीत, म्हणून फसगत होते. ते नियम एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, एवढंच इथं उलगडून सांगायचं आहे.

आपल्या गावात जुने दोन शब्द आहेत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाचं रान, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. जुनी गावठाणं बघा, बहुतेक उंचवट्यावर आहेत आणि खाली नदीपर्यंत काळी पसरलेली आहे. पिकाऊ जमीन घराखाली घालवायची नाही, ही समज कायद्याच्या आधीची आहे. आजचे कायदे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी झाले, पण त्यांचा गाभा तोच: काळी राखायची. गोंधळ होतो तो त्यांच्या संख्येमुळे. एकाच गट नंबरावर चार-पाच कायदे लागू असतात, प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असतो, आणि एकानं होकार दिला म्हणून दुसऱ्याचा प्रश्न सुटत नाही.

पहिला प्रश्न कुळकायद्याचा. १९४८ च्या या कायद्याचं कलम ६३ सांगतं की जो शेतकरी नाही त्याला, परवानगीशिवाय, शेतजमीन विकत घेता येत नाही. घरात कोणाच्या तरी नावावर शेतजमीन असली आणि तुम्ही त्याचे वारस असलात तर शेतकरी असल्याचा दाखला काढता येतो. विकास आराखड्यात निवासी दाखवलेल्या जमिनीसाठी ही अट शिथिल आहे. हा प्रश्न बहुतेकांना माहीत असतो, त्यामुळे इथं फार कोणी अडकत नाही.

अडकतात ते दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे तुकडेबंदीवर. हा कायदा १९४७ चा. वाटण्या होऊन रानाचे इतके बारीक तुकडे पडू लागले की नांगर फिरवायलाही जागा उरेना, म्हणून तो आला. किती क्षेत्राच्या खाली जमीन गेली की तिला तुकडा म्हणायचं, ते प्रमाणभूत क्षेत्र शासन ठरवतं. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनं ते बागायतीसाठी १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे झालं आणि आपल्या जिल्ह्यालाही ते लागू आहे. म्हणजे शेतजमिनीतून दोन-तीन गुंठे वेगळे काढून विकणं या कायद्यात बसत नाही. लगतच्या जमीनमालकाला मात्र तुकडा देता येतो.

मग बाजारात एवढे गुंठे विकले कसे जातात? एक वाट अविभाज्य हिश्शाची. गटात हिस्सा घ्यायचा आणि सातबाऱ्यावर नाव लावायचं. जमीन प्रत्यक्षात फोडलेली नसते, म्हणून कागद पुढे सरकतो. दुसरी वाट त्याहून वाईट, ती म्हणजे नोटरीची. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेतलेला व्यवहार म्हणजे नोंदणीकृत खरेदीखत नाही आणि त्यानं मालकी येत नाही. जुलै २०२१ मध्ये नोंदणी विभागानं परिपत्रक काढून अशा गुंठेवारीच्या दस्तांना आळा घातला, मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ते रद्द केलं. त्यावर लोकांनी समज करून घेतला की तुकडेबंदीच गेली. रद्द झालं ते परिपत्रक. २०२५ मध्ये शासनानं शहरी भागातले, नियोजनाखालच्या क्षेत्रातले आणि गावठाणालगतचे जुने व्यवहार नियमित करण्याचा मार्ग मोकळा केला, ही अनेक कुटुंबांसाठी खरोखर दिलाशाची गोष्ट आहे. पण जुना व्यवहार नियमित होणं वेगळं आणि उद्या उसाच्या फडातला दीड गुंठा घेऊन घराला परवानगी मिळणं वेगळं. या दोन्हींची गल्लत करून देणारे एजंट सध्या भरपूर आहेत.

आमच्याच घरातलं सांगते. माझ्या काकांनी निवृत्तीच्या पैशातून शहराबाहेर तीन गुंठे घेतले. एजंटानं रंगीत नकाशा दाखवला होता. त्यात प्लॉट नंबर होते, तीस फुटी रस्ता होता, बागेची जागासुद्धा होती. तो नकाशा कुठल्याही कार्यालयानं मंजूर केलेला नव्हता, एजंटानंच तो छापून घेतला होता. काका गेले तेव्हाही ती जागा तशीच पडून होती. या कामातली असून मला ते आधी कळलं नाही, कारण "पोरीला कशाला त्रास" म्हणून त्यांनी मला विचारलंच नव्हतं. म्हणून आता मी विचारायची वाट बघत नाही.

तिसरा प्रश्न जमीन कुठल्या हक्काची आहे हा. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग १' असेल तर मालक ती विकायला मोकळा असतो. 'वर्ग २' असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय आणि बहुधा नजराणा, म्हणजे शासनाला द्यायची रक्कम, भरल्याशिवाय ती विकता येत नाही. कोल्हापूर संस्थानचा मुलूख असल्यानं आपल्याकडे इनाम आणि वतनाच्या जमिनी जागोजाग आहेत. त्यातही देवस्थानची जमीन असेल तर फार जपा. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडे अंबाबाईसह तीन हजारांवर मंदिरं आहेत आणि त्यातल्या अनेकांच्या नावे जमिनी आहेत. कसणारा पिढ्यान्पिढ्या कसत असला तरी ती त्याला विकता येत नाही. इतर हक्काच्या रकान्यात 'कुळकायदा कलम ४३ ला पात्र' किंवा पुनर्वसनाचा शेरा असला तरी तिथंच थांबायचं. दूधगंगेसारख्या धरणांच्या लाभक्षेत्रातल्या अनेक उताऱ्यांवर पुनर्वसनाचा शेरा आहे, आणि तो उठल्याशिवाय व्यवहार पुढे जात नाही. उताऱ्याबरोबर मागच्या तीस वर्षांचे फेरफार काढा. जमीन कोणाकडून कोणाकडे कशी आली, कुठली बहीण हक्कसोड न देता राहिली, ते सगळं फेरफारांत असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. लोक ज्याला ग्रीन झोन आणि यलो झोन म्हणतात तो. गावातली कुठली जमीन कशासाठी राखायची हे प्रादेशिक योजना आणि विकास आराखडे ठरवतात. नकाशावर शेतीचा पट्टा हिरवा, निवासी पट्टा पिवळा. शहराच्या हद्दवाढीचा वाद वर्षानुवर्षं चालला आणि २०१७ मध्ये करवीर व हातकणंगले तालुक्यांतल्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. जागा या गावांत असेल तर बांधकाम परवानगी प्राधिकरणाकडची. इतरत्र जिल्हाधिकारी आणि नगररचना कार्यालय, गावठाणाच्या आत ग्रामपंचायत. कुठेही असा, आधी नगररचनेकडून झोन दाखला घ्या. सगळ्यात स्वस्तात मिळणारा आणि सगळ्यात जास्त नुकसान वाचवणारा कागद हाच आहे.

झोन आणि बिगरशेती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे नीट समजलं तर निम्मा लेख समजला. बिगरशेती, म्हणजे एनए, हा महसुलाचा विषय आहे. जमिनीचा शेतसारा शेतीचा आकारायचा की घराचा, हे १९६६ ची जमीन महसूल संहिता बघते. झोन हा नियोजनाचा विषय आहे, इथं घर असावं की नसावं. पूर्वी एनएसाठी वर्ष-वर्ष फाइल फिरायची. नंतर संहितेत कलम ४२-अ ते ४२-ड आली आणि निवासी पट्ट्यात रूपांतरण कर वगैरे भरला की वेगळ्या एनए आदेशाची गरज राहिली नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीलाही ही सवलत आली. "आता एनए लागत नाही" हे वाक्य तिथून सुटलं आणि चहाच्या टपरीवर पोचेपर्यंत "आता कुठेही घर बांधता येतं" असं झालं. तसं नाही. एनएची दगदग कमी झाली म्हणून हिरवा पट्टा पिवळा झालेला नाही. हिरव्यात आजही मंजूर नकाशा मिळणं अवघड, आणि मंजूर नकाशाशिवाय बँक गृहकर्जाच्या फाइलला हात लावत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "पण शेजारच्यानं बांधलंय की, घरफाळापण भरतोय." घरफाळ्याची पावती म्हणजे परवानगी नव्हे. उभ्या बांधकामाची नोंद करून ग्रामपंचायत कर घेते, त्यानं बांधकाम कायदेशीर होत नाही. त्या शेजाऱ्याला घर विकायचं असेल, त्यावर कर्ज काढायचं असेल, किंवा रस्ता रुंदीत घर गेल्यावर भरपाई मागायची असेल, तेव्हा त्याला ते कळेल. मला त्याचं वाईटच वाटतं.

मग हिरव्या पट्ट्यात घर होतच नाही का? होतं, पण ते शेतकऱ्याचं शेतघर असतं. महसूल संहितेच्या कलम ४१ मध्ये त्याची सोय आहे. शहरांच्या आसपास आणि प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात त्यासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर रान लागतं. २०२० मध्ये राज्यासाठी आलेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीत शेतघराचं चटईक्षेत्र, म्हणजे एकूण बांधकामाचं क्षेत्र, जमिनीच्या ०.०३७५ पट धरलं आहे, आणि कमाल ४०० चौरस मीटर. आता ०.४ हेक्टर म्हणजे ४,००० चौरस मीटर, त्याच्या ०.०३७५ पट म्हणजे १५० चौरस मीटर, आपल्या बोलीत सोळाशे चौरस फूट. एका धारण जमिनीवर एकच शेतघर, आणि तेही तळमजल्याचं. वर मजला नाही.

हे ऐकून काहींचा चेहरा पडतो, कारण मोबाइलमधल्या फोटोत जिना असतो. मला मात्र ही मर्यादा आवडते. सोळाशे फुटांचं बैठं घर म्हणजे आपलं जुनं घरच: पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर, त्यामागे परडं. आई-वडिलांचे गुडघे दुखायला लागल्यावर बैठ्या घराची किंमत कळते. गगनबावड्याकडच्या पावसात तर बैठं, उतरत्या छपराचं, रुंद वळचणीचं घरच टिकतं. तिकडे, म्हणजे शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, चंदगड या पट्ट्यात जागा बघत असाल तर अभयारण्य आणि पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील गावांच्या याद्या आधी तपासा. उजळाईवाडीच्या आसपास असाल तर विमानतळामुळे उंचीची मर्यादा बघा.

रस्त्याबद्दल थोडक्यात. पाणंद किंवा वहिवाटीची वाट शेतीला पुरते, पण घराच्या नकाशाला नोंदलेला रस्ता लागतो. संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देतात ती शेतीच्या कामासाठी. तिच्यावर प्लॉट पाडता येत नाहीत. मोजणी मात्र खरेदीआधी करून घ्या. भूमी अभिलेखाचा भूकरमापक येऊन हद्दीच्या खुणा दाखवतो तेव्हा शेजारी बांधावर उभा असला पाहिजे. हातभर बांधासाठी आपल्याकडे भावाभावांत कोर्ट झालंय. विजेचंही तसंच, शेतीपंपाच्या जोडणीवर घर चालवता येत नाही, महावितरणकडून घरगुती जोडणी वेगळी घ्यावी लागते.

कागद झाले की माती. माझ्या कामाचा खरा जीव इथं आहे.

मे महिन्यात नदीकाठच्या मळ्यात जा. ऊस तुटून गेलेला असतो, जमिनीला भेगा पडलेल्या असतात. अशा भेगेत मी छत्रीची काडी घालून बघते. कितीदा ती मुठीपर्यंत आत जाते. तीच जमीन जुलैमध्ये फुगून येते, पाऊल टाकलं तर चप्पल आत राहते. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, आणि दरवर्षी असा श्वास घेते. उसाला ही माती सोनं आहे, पण पायाला घातक. हलका, उथळ पाया घातला की दोन पावसाळ्यांत दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघते. लोक गवंड्याला शिव्या देतात. दोष बहुतेक वेळा मातीशी न जुळणाऱ्या पायाचा असतो.

म्हणून खड्डा घेऊन बघा. दोन-तीन ठिकाणी, मुरूम लागेपर्यंत. माळाच्या जमिनीत तो दोन-तीन फुटांवर भेटतो, मळ्यात दहा फूट गेलं तरी काळी संपत नाही. खोल काळीत पाया मुरमापर्यंत नेणं किंवा फुगीर टोकाचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घेणं, जोत्याला आरसीसी बीम, जोत्यात काळी माती न भरता मुरूम भरणं आणि घराभोवती तीन-चार फुटांची फरशी, जेणेकरून पाणी भिंतीलगत मुरणार नाही. याचा खर्च ऐकून लोक दचकतात. मळ्यात जागा स्वस्त मिळाली असं वाटतं, ते वाचलेले पैसे पायात जातात. शोषखड्ड्याचीही हीच अडचण. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, त्यामुळे शौचालयाचा शोषखड्डा पावसाळ्यात तुंबतो. आणि शेजारी पाट-पाण्यानं ऊस भिजवत असेल तर ते पाणी वर्षभर तुमच्या पायाशी येणार. त्यानं आपल्या रानाला पाणी द्यायचंच आहे. आपण त्याच्या रानात राहायला आलेलो असतो.

त्यामुळे पर्याय असेल तेव्हा मी माळ सुचवते. तिथं मुरूम वर असतो, निचरा चांगला होतो, आणि पिकाची जमीन पिकाला राहते. नांगर ज्या जमिनीत पिढ्यान्पिढ्या चालला ती सिमेंटखाली गेली की परत काळी होत नाही, हे मला टोचतं. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांना मी हात जोडून सांगते की घर माळावर घ्या, मळा राहू द्या.

शेवटची गोष्ट पुराची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं, दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, ५६ फूट ३ इंचांवर. हे आकडे आपल्याला पाठ आहेत, तरी नोव्हेंबरात जागा बघताना ते आठवत नाहीत, कारण तेव्हा नदी खाली शांत वाहत असते आणि जागा हिरवीगार दिसते. जलसंपदा विभागानं दोन पूररेषा आखल्या आहेत. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये बांधकामाला मनाई. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते, त्यातली मुख्य म्हणजे जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटीमीटर वर हवं. 'शंभर वर्षांतून एकदा' म्हणजे आता शंभर वर्षं निवांत, असं समजू नका. दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता, असा त्याचा अर्थ आहे. सलग दोन वर्षंही येऊ शकतो.

त्या मार्चमधल्या जोडप्याबरोबर मी जागेवर गेले होते. झोन दाखला यायचा होता, पण ताईंना जागा दाखवायचीच होती. नारळ छान होता. बांधापलीकडे एक आजोबा वैरण कापत होते. मी विचारलं, "मामा, एकोणीसला पाणी कुठवर आलतं?" त्यांनी विळा खाली ठेवला, नारळापाशी आले आणि हात डोक्याच्या वर नेऊन खोडाला टेकवला. मग थोडा विचार करून अजून वीतभर वर सरकवला. "एकवीसला हितं."